सतराचे साडेदहा कसे झाले: पेट्रोल नेमके जाते कुठे?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुमची २०१९ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरची हॅचबॅक आहे. चाकणच्या कंपनीत नोकरी होती तोवर कोथरूडहून रोज जाऊन-येऊन लिटरला सतराच्या आसपास ॲव्हरेज मिळत असे. गेल्या वर्षी नोकरी बाणेरला आली, एका बाजूचे अंतर आठ किलोमीटरवर आले आणि ॲव्हरेज घसरत साडेदहावर येऊन थांबले. सर्व्हिस सेंटरने गाडीत काही दोष नाही असे सांगितले, मात्र इंजेक्टर क्लीनिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागांची सफाई, करून घ्या असेही सुचवले. दोष गाडीचा, पेट्रोलचा की तुमच्या चालवण्याचा, आणि इंजेक्टरवर खर्च करावा का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी बरीच वर्षे गॅरेज चालवतो आणि अधूनमधून कंपन्यांच्या ड्रायव्हरांना इंधनबचतीचे प्रशिक्षणही देतो. ‘ॲव्हरेज पडले’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी किलोमीटर किंवा शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख आधी विचारत नाही. वर्षभरात रोजचा रस्ता बदलला का, एवढेच विचारतो. घर बदललेले असते, मुलाची शाळा बदललेली असते, नाहीतर नेहमीच्या रस्त्यावर खोदकाम सुरू झालेले असते. तुमच्या बाबतीत उत्तर तुम्ही स्वतःच दिले आहे. तुम्ही दोन आकड्यांची तुलना एकाच गाडीचे दोन आकडे म्हणून करत आहात, पण त्या गाडीला आता दिलेले काम पूर्णपणे वेगळे आहे. गाडी न पाहता ती निर्दोष आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण दोन-तीन बिघाड असे आहेत की ते डॅशबोर्डवर दिवा न लावता पेट्रोल खातात. त्यांच्याविषयी पुढे लिहितो. परंतु सतरा आणि साडेदहा यांच्यातला बहुतेक फरक कोणताही बिघाड न मानता समजावता येतो, आणि तो समजला की काय करायचे तेही आपोआप कळते.

त्याआधी साडेदहा हा आकडा कुठून आला ते तपासा. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज हा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत तो थोडा उदार असतो. खरा आकडा टाकी ते टाकी मोजूनच मिळतो. एका पंपावर नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान तीनशे किलोमीटर चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरा. पहिल्या कटनंतर गळ्यापर्यंत पेट्रोल ओतून घेण्याची सवय अनेकांना असते. त्याने मोजमाप तर बिघडतेच, शिवाय टाकीची वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होतो. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्या.

कंपनीच्या जाहिरातीतला विसाच्या वरचा आकडाही याच जागी बाजूला ठेवू या. तो एआरएआय या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो, आणि योगायोगाने ती संस्था तुमच्या कोथरूडच्याच वेताळ टेकडीवर आहे. ही चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. तीत गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, सरासरी वेग तिशीच्या थोडा वर असतो, एसी बंद असतो आणि वेग वाढवण्या-कमी करण्याचे वेळापत्रक ठरलेले व सौम्य असते. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी तो आकडा योग्य आहे. कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता काय मिळेल हे सांगण्यासाठी तो काढलेलाच नसतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोकांना वाटते की पेट्रोल ॲक्सिलरेटर दाबल्याने वाया जाते. माझ्या मते पेट्रोल वाया जाते ते ब्रेक दाबल्याने, कारण ॲक्सिलरेटर दाबून गाडीच्या अंगात जी गती आणली ती जर तुम्हाला पुढे नेण्यास वापरली गेली, तर ते पेट्रोल कारणी लागले. तीच गती ब्रेकमध्ये जिरली तर तिची नुसती उष्णता झाली.

हे आकड्यांत मांडून पाहू. गाडी आणि तुम्ही मिळून सुमारे एक हजार किलो धरा. ताशी ४० किलोमीटर वेगाला या वजनात सुमारे ६२ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असली तरी शहरी चालवण्यात इंजिन त्यातली जेमतेम चौथाई चाकांपर्यंत पोहोचवते असे मानले, तर लिटरमागे हाती लागतात आठ मेगाज्यूल. म्हणजे शून्यापासून चाळीसपर्यंत गाडी नेण्याची किंमत झाली सुमारे पावणेआठ मिलिलिटर पेट्रोल, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते सगळे डिस्कच्या उष्णतेत गेले. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून साठपर्यंत नेऊन थांबलात तर तोच खर्च सव्वादोन पट, म्हणजे सतरा मिलिलिटरच्या पुढे जातो. रिकामा दिसलेला दोनशे मीटरचा तुकडा साठने पार करून पुढच्या लाल दिव्यावर कचकन थांबणाऱ्या माणसाने वेळ काहीच वाचवलेला नसतो. त्याने फक्त ब्रेक पॅड आणि पेट्रोल एकाच वेळी झिजवलेले असते.

आता तुमचे आठ किलोमीटर घ्या. एकसारख्या वेगात, गरम इंजिनावर तुमची गाडी लिटरला अठरा देते असे समजू. तसे पाहता आठ किलोमीटरना सुमारे ४४५ मिलिलिटर लागतील. त्या वाटेत सिग्नल, चौक, मध्येच शिरणारी रिक्षा आणि गतिरोधक धरून वीस वेळा तुम्ही चाळीसवरून जवळजवळ शून्यावर येत असाल, तर त्यात दीडशे मिलिलिटरची भर पडते. मग उभे राहण्याचा हिशेब. एवढे इंजिन एसी चालू ठेवून जागेवर उभे असेल तर तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल पिते, ०.८ लिटर धरून एकूण आठ मिनिटे उभे राहणे झाले तरी आणखी शंभर मिलिलिटर गेले. बेरीज सातशे होते, म्हणजे लिटरला साडेअकरा किलोमीटरही पडत नाहीत, आणि अजून आपण थंड इंजिनाचा विचारच केलेला नाही. हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या वाटेवर थांबे पंधरा असतील किंवा तीस असतील, गाडीत चौघे बसत असतील तर वजनाचा आकडाही बदलेल. तरी प्रमाण कसे असते ते यातून स्पष्ट होते. चाकणला जाताना हायवेच्या मोकळ्या पट्ट्यात हेच थांबे तीस-पस्तीस किलोमीटरवर विखुरले जात होते. आता ते आठ किलोमीटरवर एकवटले आहेत.

थंड इंजिनाचा भाग लोक सहसा विसरतात. सकाळी गाडी सुरू केल्यावर पाण्याच्या तापमानाची खूण काही मिनिटांत नेहमीच्या जागी येते, पण इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्स पुरेसे गरम व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तोवर ऑइल घट्ट असते, घर्षण जास्त असते आणि सुरुवातीच्या काळात कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडत असतो. चाकणच्या प्रवासात हा काळ एकूण प्रवासाचा लहानसा भाग होता. बाणेरच्या प्रवासात तो अर्ध्याहून अधिक आहे. वरच्या सातशे मिलिलिटरमध्ये यासाठी पन्नास-साठ मिलिलिटर मिळवले की तुमचे साडेदहा बरोबर जुळतात. यावर उपाय म्हणून पार्किंगमध्ये गाडी पाच मिनिटे चालू ठेवून ‘गरम’ करू नका, कारण तेवढा वेळ ॲव्हरेज शून्य असते आणि गाडी चालती असतानाच इंजिन लवकर तापते. सुरू करून अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. घरी येऊन, गाडी थंड झाल्यावर पुन्हा भाजीसाठी काढण्याऐवजी ते काम येतानाच उरका.

म्हणजे तुमचे जास्तीचे पेट्रोल थांब्यांत, जागेवर उभे राहण्यात आणि थंड इंजिनात जाते. यांपैकी रस्त्यावरचे सिग्नल तुमच्या हातात नाहीत, पण सिग्नलपर्यंत कसे पोहोचायचे हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि प्रशिक्षणात मी सर्वाधिक वेळ यावरच घालवतो.

नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर नव्हे, तर तिच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांवर ठेवा. पुढे लाल दिवा दिसला, सिग्नलवरचा आकडा अजून चाळीस दाखवतो आहे आणि अंतर दोनशे मीटर आहे, तर त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. तुमच्या गाडीसारख्या इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो; इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते आणि पेट्रोलचा खर्च अक्षरशः शून्य असतो. आरपीएम बाराशे-पंधराशेच्या खाली आला की पेट्रोल पुन्हा सुरू होते. उलट, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घरंगळत नेली तर इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल पीतच राहते. न्यूट्रलने बचत होते हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे आणि तो अजून टिकून आहे याचे मला नेहमी नवल वाटते. घाटात तर तो जीवघेणा ठरू शकतो, कारण इंजिनाचा रोध नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. त्यातही इंजिन बंद करून उतरणे म्हणजे ब्रेकला मदत करणारा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही घालवून बसणे.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा असे सांगितले की पुण्यातला माणूस हसून विचारतो की त्या अंतरात दुचाकी शिरते, त्याचे काय? ती शिरणारच. शिरू द्या आणि पुन्हा तेवढेच अंतर पडू द्या. संपूर्ण वाटेत अशा दहा दुचाकी शिरल्या तरी तुमचे अर्धा मिनिटही जात नाही, आणि त्या बदल्यात प्रत्येक वेळी पुढच्याच्या ब्रेकबरोबर तुम्हाला ब्रेक दाबावा लागत नाही. सिग्नलला पोहोचताना गाडी पंधराच्या वेगाने सरकत असतानाच हिरवा मिळाला, तर पूर्ण थांबून पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात करण्यापेक्षा तो फायद्याचा सौदा असतो. तासभर पुढच्या गाडीला चिकटून हाफ क्लचवर सरपटण्याने क्लच प्लेटही जळते, तो खर्च वेगळाच.

वेग घेताना मात्र अति हळुवारपणा नको, आणि इथे अनेक होतकरू बचतवीरांचे चुकते. पेट्रोल इंजिन अगदी कमी भारावर अकार्यक्षम असते, कारण अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेतून, हवा ओढण्यातच त्याची शक्ती खर्च होते. म्हणून मध्यम जोराने ॲक्सिलरेटर दाबून, दोन हजार ते बावीसशे आरपीएमला वरचा गिअर टाकत, चाळीसला चौथ्या गिअरमध्ये पोहोचा आणि तिथे स्थिर राहा. दुसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजारांपर्यंत इंजिन ओरडवणे महाग पडते, तसेच चौथ्यात पंचवीसच्या वेगाने गाडी धक्के खात, खडखडत नेणेही चुकीचे. इंजिन तक्रार करू लागले की निमूटपणे गिअर उतरवा.

सिग्नलवरचा आकडा तीसच्या वर असेल तर इंजिन बंद करणे फायद्याचे आहे. पुन्हा सुरू करण्याचा खर्च साधारण दहा सेकंद उभे राहण्याएवढाच असतो. बॅटरी जुनी झाली असेल, किंवा पहिल्याच रांगेत उभे असाल आणि मागचे हॉर्न सहन होत नसतील, तर हा उपाय सोडून द्या. मे महिन्यात एसी बंद ठेवा असे मी कोणालाही सांगत नाही. उन्हात उभी असलेली गाडी सुरू करताना आधी दोन मिनिटे काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, एवढे पुरे.

पेट्रोलचा दोष किती, हे आता पाहू. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. देशात जून २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ पासून वीस टक्के मिश्रण सर्वत्र मिळू लागले. दहावरून वीसवर येताना ऊर्जेतली घट सुमारे साडेतीन टक्के होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींना वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घट सोसावी लागेल असा अंदाज होता. तुमची गाडी २०१९ ची असल्याने हा मोठा आकडा धरला, तरी सतराचे सोळाच्या जवळपास होतील. ही तक्रार खरी आहे, पण सोळाचे साडेदहा इथेनॉलने होत नाहीत.

थोडे विषयांतर, पण उपयोगी. सुट्टीत बाहेर काढल्यावरही गाडी पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. हायवेवर हिशेब बदलतो. तिथे ब्रेकऐवजी वारा पेट्रोल खातो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ऐंशीच्या तुलनेत शंभरला तो दीडपटीहून जास्त आणि एकशेवीसला सव्वादोन पट असतो. समृद्धी महामार्गावर कारना एकशेवीसची मुभा आहे, म्हणून लहान इंजिनाची हॅचबॅक तासन्‌तास एकशेवीसने पळवली तर ॲव्हरेज आपटणारच. नव्वदच्या आसपास चालवून पाहा, फरक एकाच टाकीत दिसेल. टपावर रिकामे कॅरिअर राहिले असेल तर तेही काढा. आणि मुंबई-पुणे प्रवासाचे ॲव्हरेज एका बाजूचे सांगू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. तेवढे चढायला तुमच्या गाडीला सुमारे पाऊण लिटर जास्तीचे पेट्रोल लागते, आणि उतरताना ते सगळे परत मिळत नाही.

आता बिघाडांकडे वळू. पहिली तपासणी टायरमधल्या हवेची, तीही सकाळी, टायर थंड असताना. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यावर लिहिलेला आकडाच पाळा. पंपावरचा मुलगा ‘तीस टाकतो’ म्हणाला म्हणून तीस नको. दुसरी ब्रेक अडकण्याची, जी सर्व्हिस सेंटरमध्ये घाईत निसटते. वीस मिनिटे चालवून, शक्य तितका कमी ब्रेक वापरून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा, थेट डिस्कला लावू नका. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना जाम झाल्या असण्याची शक्यता मोठी आहे. मागच्या चाकांत कधीकधी हँडब्रेक गरजेपेक्षा ताणलेला असतो. मेकॅनिककडून जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवून घेतले की शंका मिटते.

तिसरा बिघाड थर्मोस्टॅटचा, आणि माझा सर्वाधिक संशय नेहमी त्याच्यावर असतो. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा वॉल्व्ह. तो उघडाच राहिला तर इंजिन पुरेसे तापत नाही, कॉम्प्युटरला ते कायम थंड वाटते आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. आपल्याकडे हवा गरम, मग थर्मोस्टॅट हवा कशाला, असे म्हणून तो काढूनच टाकणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. पंधरा मिनिटांच्या सलग प्रवासानंतर स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी-यंत्रावर, पाण्याचे तापमान ऐंशी अंशांच्या खालीच घुटमळत असेल, तर हा वॉल्व्ह बदला. भाग स्वस्त आहे. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच आहे ना, हेही बिलावर पाहा. ‘गाडी जुनी झाली’ म्हणून जाड ऑइल भरून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्यांत ते जास्तच नडते. एअर फिल्टर ठरल्या वेळी बदला, पण त्याने ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेला फिल्टर आधी पिकअप मारतो.

पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके आणि टाकीत ओतायच्या बाटल्या यांवर एक रुपयाही घालवू नका. पुस्तिकेत मागितले नसेल तर महागडे प्रीमियम पेट्रोलही तुमच्या इंजिनाला ॲव्हरेज वाढवून देणार नाही.

अपेक्षा कितीची ठेवावी? याच रस्त्यावर सतरा मिळणार नाहीत, कोणी दिले तर पडद्यावरचा आकडा असेल. वीसचे थांबे बारावर आणले आणि उभे राहण्याचे तीन मिनिटे वाचवले, तर वरच्या हिशेबातून फेरीमागे शंभर मिलिलिटर कमी होतात आणि ॲव्हरेज बारा ते साडेबाराच्या घरात येते. रोजच्या दोन फेऱ्या आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ही महिन्याला पाच लिटरची बचत आहे.

इंजेक्टर क्लीनिंगचे उत्तर सध्या तरी नाही असेच आहे. इंजेक्टर खराब असतील तर गाडी उभी असताना थरथरते, पिकअप घेताना अडखळते, सकाळी सुरू व्हायला त्रास देते किंवा स्कॅनरवर मिश्रण सतत दुरुस्त केल्याची नोंद दिसते. यांपैकी एकही लक्षण तुम्ही लिहिलेले नाही. आधी हवा, ब्रेक आणि थर्मोस्टॅट पाहा आणि वरच्या पद्धतीने दोन टाक्या चालवा. त्यानंतरही आकडा अकराच्या खालीच राहिला, तर सर्व्हिस सेंटरकडे क्लीनिंग न मागता गरम इंजिनावरचे फ्युएल ट्रिम (म्हणजे मिश्रणाच्या दुरुस्तीचे आकडे) आणि पाण्याचे तापमान यांचे छापील रीडिंग मागा, आणि ते आकडे इथे लिहा.